मागच्या बाकाचा बँड

मध्यंतरी रेडिओवाली एक पोरगी आली आणि विचारायला लागली, "बाह," म्हणजे दादा, "तुम्ही संगीताकडे कसे वळलात?" वळलो कसले, डोंबलाचे! आम्हाला ढकललं.

ईशान्येच्या डोंगरातल्या मावलाईत, आमच्या चर्चमध्ये पोराचा आवाज फुटला की त्याला पुढून उठवतात आणि सगळ्यात मागच्या बाकावर खर्जवाल्यांत नेऊन बसवतात. पुढच्या बाकावर बायका चाल गातात, मागे आम्ही खालच्या सुरात घुमतो. मी किर्शान, आणि माझे दोस्त हॉलंड, शेम्फांग, पिन्शाई. चौघांचे आवाज एकाच हिवाळ्यात फुटले आणि चौघांची एकदमच उचलबांगडी झाली. हॉलंड हे त्याचं खरं नाव आहे. त्याच्या बापाला नकाशाचं वेड होतं, धाकट्याचं नाव पोर्तुगाल. आमच्याकडे यात कुणाला काही वाटत नाही.

मागच्या बाकाचे म्होरके होते बाह एडमंड. माणूस तापट, पण कानाचा पक्का. "चाल काय, कुणीही गातं रे गाढवांनो," म्हणायचे, "पुढच्यांच्या नादाला लागून वर चढलात तर याद राखा. आपण खाली म्हणजे खाली." एकदा मी उपदेश चालू असताना बाकाच्या पाठीवर बोटं बडवत होतो. त्यांनी माझा कान धरला तो थेट स्वतःच्या घरी नेऊन सोडला. घराच्या खाली, उतारावर, बटाट्याच्या पोत्यांची एक खोली होती. तिथे जुना ड्रम होता. "बडव इथे हवं तेवढं. देवाच्या घरात नको." बाकीचे तिघे माझी गंमत बघायला आले ते तिथेच राहिले. शेम्फांग आणि पिन्शाईने गिटार घेतल्या, हॉलंडने बेस. झाला बँड. नाव ठेवलं 'लास्ट बेंच'.

ड्रम बडवता बडवता माझं लक्ष वरच्या मजल्यावर गेलं. तिथे बाहंची धाकटी मुलगी डाफी होती. लग्न झालं आणि मी ट्रंक उचलून सासरी राहायला आलो. आमच्याकडे सगळेच जावई सासरी जातात, त्यात लाजायचं काही नाही. पण आईबापाचं घर धाकट्या मुलीला मिळतं, म्हणून धाकटी केली की सासू कायम घरात, आणि सासूच्या डोक्यावर तिचा थोरला भाऊ, म्हणजे डाफीचा मामा. तो बायकोच्या घरी राहतो आणि रविवारी येऊन इथे राज्य करतो.

आमचा पहिला कार्यक्रम कॉलेजच्या मैदानावर झाला. तीन गाणी झाल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, माइक तपासून झाला असेल तर आता सुरू करा!" एकटे बाह एडमंड पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या पिटत होते. आम्ही म्हटलं, मरू दे, लोकांना कळत नाही. अशी कित्येक वर्षं गेली.

गेल्या साली बाह गेले. बापामागे रडलो नसेन इतका मी त्यांच्यामागे रडलो.

आणि मग एका रविवारी चर्चहून येऊन मामांनी तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली आणि फर्मान काढलं, "खालची खोली भाड्याने द्यायची. मोटारसायकल दुरुस्तीवाला मागतोय."

"मामा, तिथे आमचा सराव असतो," मी म्हटलं.

"सराव! केस पिकले सराव करून. जावईबापू, परीक्षा कधी आहे?"

डाफी ताटं उचलायला लागली. सासूबाई, म्हणजे आमच्या मेई, चुलीकडे वळल्या. मला भडभडून आलं. त्या घरात वर माझं काय आहे? खुर्ची त्यांची, चूल त्यांची, कोंबडीसुद्धा माझ्याकडे बघून आवाज करत नाही. खाली गेलो की मी कुणीतरी असतो. बरं, दुसरीकडे जायचं तर जायचं कुठे? आम्ही चौघेही सासरी राहणारे. ड्रम घेऊन कुठल्या सासूच्या दारात उभं राहणार?

मामांनाच दया आली, किंवा मजा करायची लहर आली. म्हणाले, "येत्या रविवारी माझ्या बहिणीला सत्तर पूर्ण होतात. घरात प्रार्थना आहे, पाहुणे आहेत. तिचं आवडतं चर्चचं गाणं वाजवा. लोकांनी ओळखलं तर खोली तुमची. नाही ओळखलं तर सोमवारी मोटारसायकली आत. आणि शब्द म्हणायचे नाहीत हं! शब्दांवरून म्हैससुद्धा ओळखेल."

आम्ही बाहेर येऊन नाचलोच. ते गाणं तर आम्ही मिसरूड फुटायच्या आधीपासून दर रविवारी गात आलेलो. झोपेत उठवा, गातो. तरी आठवडाभर घासलं.

रविवारी घर भरलं. धर्मगुरूंनी प्रार्थना लांबवली, स्वयंपाकघरातून काळ्या तिळातल्या डुकराच्या मटणाचा वास यायला लागला तशी पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. मग आम्ही वाजवलं. डोळे मिटून, जीव ओतून वाजवलं. माझ्या डोक्यात ती चाल लख्ख वाजत होती.

संपलं. सगळे शांत. मला वाटलं, भारावले.

"कुणी ओळखलं?" मामांनी विचारलं.

एक म्हातारी म्हणाली, "बातम्यांच्या आधी लागतं ते का?" धर्मगुरूंनी बुटांकडे बघितलं. पोर्तुगाल तर हॉलंडचा सख्खा भाऊ, पण तोही खिडकीबाहेर बघत राहिला.

डाफी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "अरे, चाल कुठाय?"

"वाजवली की!"

"कुणी?"

मी शेम्फांगकडे बघितलं, शेम्फांगने पिन्शाईकडे, पिन्शाईने हॉलंडकडे, आणि हॉलंडने माझ्याकडे, म्हणजे ड्रमवाल्याकडे! मग कुठे उजेड पडला. आवाज फुटल्यापासून आम्ही मागच्या बाकावर बसून खालचं गात आलो. चाल पुढच्या बाकावरून यायची, आयती. ती आपली येतेच, असं धरून चाललो होतो. तिघांनीही खालचंच वाजवलं आणि मी त्याला ठेका धरला, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एक चूक न करता. मैदानावर तो माणूस का ओरडला तेही त्याच क्षणी कळलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

"संपला खेळ," मामा हसत उठले. "उद्या खोली रिकामी करा."

"थांब दादा," मेई म्हणाल्या. त्या भिंतीला धरून उभ्या होत्या आणि रडत होत्या. सत्तर वर्षांच्या बाईला आपण रडवलं म्हणून मी आणखीच मेल्याहून मेल्यासारखा झालो.

"मला माहितेय हे," त्या म्हणाल्या.

"तुला माहीतच असणार. कुठलं गाणं वाजवणार ते तुला आधीच सांगितलं होतं."

"ते नव्हे रे. हे ह्यांचं आहे. दाढी करताना म्हणायचे. चूल पेटवताना, बटाटे निवडताना, दिवसभर हेच. मी ओरडायचे, अहो, चाल येत नाही तर गाता कशाला? कुत्री भुंकायला लागतात. की गप्प बसायचे बिचारे." त्यांनी पदराने नाक पुसलं. "उभा संसार मी त्यांना बेसूर म्हणत आले. आणि ते बरोबर गात होते. एकदाही म्हणाले नाहीत मला, की अगं, मी बरोबर गातोय."

मामांनी घसा खाकरला. "ते ठीक आहे. पण ठरल्याप्रमाणे लोकांनी कुठे ओळखलं?"

"मी ओळखलं. मी लोक नाही? आणि घर कुणाचं आहे?"

मामा खाली बसले.

पिन्शाईला राहवलं नाही. "मेई, पुन्हा वाजवतो. तुम्ही वरून चाल गा, म्हणजे गाणं पुरं होईल."

त्यांनी मान हलवली आणि बाहंच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"नको," त्या म्हणाल्या. "या खेपेला मी गप्प बसते."