जन्मतारखेच्या जागी सण

आमच्या गावच्या मुंबई मंडळाने यंदा ठरवलं, सत्तरी ओलांडलेल्यांच्या घरी वाढदिवसाला जाऊन शाल द्यायची. नावनोंदणीचा ऑनलाइन फॉर्म अर्थातच माझ्या गळ्यात पडला. वेबसाइट बनवणारी पोरगी गावची असली की ती फुकटच असते.

जन्मतारखेसाठी मी तीन ड्रॉपडाउन ठेवले. काही निवडण्याआधी त्यांत इंग्रजी शब्द दिसायचे, ते काढून 'दिवस', 'महिना', 'वर्ष' असे घातले आणि स्वतःवरच खूश झाले. आठवड्याभरात निम्म्या म्हाताऱ्यांची तारीख एकच आली, एक जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेली. सेक्रेटरी नंदूकाकांचा फोन आला.

"श्रुतिका, एका दिवसात सगळ्यांकडे शाली घेऊन कसा फिरू गं? वाट लागेल माझी."

मग मी शब्द पुन्हा बदलले. 'महिना'च्या जागी 'महिना, नाहीतर जवळचा सण' असं लिहिलं आणि यादीत पाडव्यापासून शिमग्यापर्यंत सगळे सण घातले. लोकांना ते आवडलं.

राहिली माझी आई, सुगंधा. तिने शाळाच पाहिली नाही, त्यामुळे तिला एक जूनही नाही. विक्रोळीच्या आमच्या खोलीत ती वाटाणे सोलत बसली होती.

"माझं नाव घालू नको. शाल आहे माझ्याकडे."

"सण तरी सांग."

"नाही आठवत."

खोटं बोलताना आई मान वर करत नाही. मी चिडले. "अख्ख्या गावाच्या तारखा लावतेय मी, आणि माझ्याच आईची जागा रिकामी?"

वाटाणे संपले तेव्हा ती बोलली. "शिमग्यात झाले मी. देवाची पालखी घरोघरी फिरत होती. आमच्याकडे बाळंतीण, सोयर. पालखी दारावरून पुढे गेली. आजी मरेपर्यंत ऐकवायची, ही आली नि देव परत गेला."

"म्हणून कधी वाढदिवस केला नाहीस?"

"काय करायचा त्यात?"

मला रडूच आलं. आईच्या त्या आजीचा असा राग आला की काही विचारू नका. "राहू दे," मी म्हटलं, "'सांगायचं नाही' असा पर्याय घालते."

आईने पदराला हात पुसले, माझा लॅपटॉप जवळ ओढला आणि यादीत शिमगा कुठला ते विचारून त्यावर बोट ठेवलं.

"हे दाब."

"नक्की?"

"दाब गो. घरात पोर जन्मलं होतं. देवाने थांबायला हवं होतं."