नववी वस्तू

टेबलावर आठ वस्तू होत्या. कॅबिनेट, मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमच्या दोन पट्ट्या, एसएसडी आणि पॉवर सप्लाय. स्क्रूची वाटी वेगळी. ताईने दारातूनच मोजल्या, मग आत येऊन पुन्हा मोजल्या. नववी वस्तू नव्हती.

धाकट्या बहिणीच्या होणाऱ्या नवऱ्याने निवडलेला प्रोसेसर स्वस्त होता, कारण त्याला स्वतःहून पडद्यावर चित्र दाखवता येत नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. खोक्यावरच्या मॉडेल क्रमांकाच्या शेवटी एक अक्षर जास्त असतं, तेवढीच खूण. कमी पैशांत पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणारा माणूस हमखास इथेच फसतो.

"ताई, तुम्ही बघता का एकदा? काही राहिलं नाही ना?" त्याने विचारलं. तो दातांचे साचे बनवायचा. प्रोसेसर त्याने इतका अलगद धरला होता की ताईला ते बघवेना.

"दोघांनी मिळून निवडलंय ना? मग बरोबरच असेल," ती म्हणाली.

घरातले आजवरचे सगळे कॉम्प्युटर तिने जोडले होते. पॅथॉलॉजी लॅबमधून आली की ती सुटे भाग घेऊन बसायची आणि धाकटी स्क्रूची वाटी धरून शेजारी. "ताई, हा कुठला? ताई, तो का नाही?" आता इमारतींचे नकाशे काढायला धाकटीला स्वतःचा कॉम्प्युटर हवा होता. ताईने कुठले भाग घ्यायचे ते मनात ठरवूनही ठेवलं होतं. पण थेट खोकीच घरी आली. "तुला कशाला उगाच त्रास, म्हटलं," धाकटी म्हणाली होती.

आज तिने वाटी त्याच्यासाठी धरली होती.

"हा स्क्रू म्हणजे अक्कलदाढ आहे," तो म्हणाला. "जागा केलीय, तरी सरळ जाईल तर शपथ."

धाकटी खो खो हसली. ताई खुर्चीत बसून राहिली. पडदा काळा राहील, त्याचा चेहरा उतरेल आणि धाकटी आपल्याकडे वळेल. तेवढंच तिला हवं होतं.

बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच. त्याने केबल काढून लावली, रॅम काढून लावली, पुन्हा बटण दाबलं. "माझंच काहीतरी चुकलंय," तो कपाळ पुसत म्हणाला.

धाकटी खरंच वळली. "ताई?"

"ग्राफिक्स कार्ड लागेल. हा प्रोसेसर चित्र देत नाही."

"तुला कधी कळलं?"

धाकटीने रिकाम्या खोक्यांकडे पाहिलं. "आल्या आल्या मोजत होतीस. मला वाटलं, सवय."

ताई उठून आपल्या खोलीत गेली. स्वतःचा कॉम्प्युटर उघडून तिने त्यातलं कार्ड काढलं, धूळ फुंकली आणि तळहातावर घेऊन आली. "हे लाव. माझं याच्याशिवाय चालतं."

"राहू दे. उद्या आम्ही जाऊन एखादं जुनं बघतो."

"जुनंच घ्यायचं तर हे काय वाईट आहे?"

"वाईट नाहीये गं. पण राहू दे."

"अगं, ताई देतायत तर..." तो म्हणाला.

"उद्या जाऊ," धाकटी म्हणाली आणि उरलेले स्क्रू पिशवीत भरू लागली.

ताईने खोलीत जाऊन कार्ड पुन्हा आपल्या कॉम्प्युटरमध्ये बसवलं, झाकण लावलं, तो सुरू केला आणि नेहमीसारखं तापमान पाहिलं. प्रोसेसर एक्केचाळीस अंश, कार्ड अडतीस. पंखा मिनिटाला नऊशे फेरे.