श्रेयाचा मंगळवार

मी सहा शाळांची विशेष शिक्षिका आहे, म्हणजे एकाही शाळेची धड नाही. मंगळवारी लालबाग, बुधवारी शिवडी, असं करत आठवडा संपतो. ज्या मुलांना रोज शिकवायला हवं, त्यांच्या वाट्याला मी आठवड्यातून एक तास येते. आमच्या संस्थेत याला सोय म्हणतात.

यंदा ही सोय सुधारायचं ठरलं. मुख्य कार्यालयातून अनिमेष प्रधान नावाचे साहेब आले. माणूस वाईट नव्हे, हसून बोलणारे, पण वर्गावर कधी उभे राहिले नसावेत. त्यांनी नियम काढला: माझ्या तासाच्या यादीतल्या मुलाने चार ओळींचा उतारा न अडखळता वाचला, की त्याचं नाव कमी करायचं आणि पुढच्याला घ्यायचं.

"मूल वाचायला लागलं म्हणजे आपलं काम झालं ना, मॅडम?"

मी श्रेयाचा विचार करत होते. लालबागची, चौथीतली. दोन वर्षं अक्षरं तिच्यासमोर जागेवर थांबत नव्हती. दिवाळीनंतर ती वाचायला लागली, पण माझ्या शेजारी बसून, ओळीखाली पुठ्ठ्याची पट्टी धरून, खोलीचं दार लावलेलं असेल तरच. पंचावन्न मुलांच्या वर्गात उभं केलं की तिची दातखीळ बसायची. तिला अजून वर्षभर तरी माझी गरज होती. पण साहेबांची तपासणी माझ्याच खोलीत, दार लावून होणार होती; तिथे ती सहज वाचून गेली असती. मी हे लेखी कळवलं. उत्तर आलं नाही. मग मला राग आला, आणि रागाच्या भरात नको ते शहाणपण सुचलं.

तपासणीच्या आदल्या मंगळवारी मी तिला म्हटलं, "साहेबांसमोर मुद्दाम चुकायचं. मधेच थांबायचं. म्हणजे आपला तास बंद होणार नाही. आणि हे कोणाला सांगायचं नाही."

"आईला पण?"

"आईला पण नाही."

बोलण्याच्या ओघात आई कुठेतरी बोलून जाईल, एवढीच मला भीती होती.

तपासणीला पालकांनाही बोलावलं होतं. हीसुद्धा सुधारणाच, आणि मला ती त्याच सकाळी कळली. श्रेयाची आई शेवंती हिंदमाताला साड्यांच्या दुकानात कामाला. अर्ध्या दिवसाची सुट्टी काढून, ठेवणीतली साडी नेसून पुढच्या बाकावर बसली होती. मला हळूच म्हणाली, "परवा हिने बसची पाटी वाचली, बाई. मी कोणाला बोलले नाय. म्हटलं, आज ऐकू."

श्रेया उभी राहिली. तिने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी होकारार्थी मान हलवली. पहिल्या ओळीची तिने पार वाट लावली. दुसरीत तीनदा अडकली. तिसऱ्या ओळीला थांबली ती थांबलीच. सांगितलेलं काम इतकं चोख माझ्या कोणत्याच विद्यार्थ्याने आजवर केलं नसेल. प्रधानसाहेबांनी खूण केली. तिचं नाव यादीत राहिलं.

शेवंतीने तिला जवळ ओढलं. "आसांदे गो बाय," ती म्हणाली. "नाय जमला तर नाय." पदराने ती श्रेयाचं तोंड पुसत होती, रडत मात्र स्वतः होती. मी दोन पावलांवर उभी. एक वाक्य पुरलं असतं. पण साहेब अजून खोलीत होते, मग शिवडीच्या शाळेतून फोन आला, आणि तेवढ्यात शेवंती कामावर निघून गेली. कारणं मला भरपूर मिळाली. मला माझीच लाज वाटत होती, तरी मी तिच्यामागे गेले नाही.

पुढच्या मंगळवारी श्रेया वेळेवर आली. मी पुस्तक उघडून पट्टी ठेवली. तिने पट्टी बाजूला सरकवली.

"वाच गं. आज साहेब नाहीत."

"नको बाई. आई म्हणाली, आता नाही आलं तरी चालेल. ती मला कधीच ओरडणार नाही."

हे सांगताना ती हसली. दोन वर्षांत मी तिला इतकी मोकळी पाहिली नव्हती. तिचा तास मी राखला होता. तो संपेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून बसून राहिली, आणि पुस्तकाकडे तिने एकदाही पाहिलं नाही.