धबधबा चालू करायची वेळ

साहेब, माझ्या वैनीला तुम्ही मारलं. हात लावून नाही. जेवल्यावर बडीशेप चघळत मारलं.

तुम्हाला सगळे पर्यटनाचे आमदार म्हणतात. हॉटेलवाल्यांचं कुठलंही गाऱ्हाणं असो, सभागृहात तुम्ही उठून उभे. एप्रिलात तुम्ही पर्यटन समितीचे आमदार गाड्या भरभरून इस्लापूरकडं आणले, आमच्या नदीवरचा धबधबा दाखवायला. काठावर होणाऱ्या रिसॉर्टला त्यांची शिफारस पाहिजे होती. पण एप्रिलात कसला धबधबा? नुसता काळा खडक. म्हणून वरच्या बंधाऱ्यात पिण्यासाठी राखलेलं पाणी सोडायचं ठरलं. वेळ पाचची.

बंधारा आणि धबधब्याच्या मधे, कोरड्या पात्रातल्या वाळूत, माझा थोरला भाऊ रामकिशन आणि पारूवैनीची टरबुजाची वाडी होती. तोडणीला आलेली. मी त्या दिवशी तुमच्या मंडपात वाढप्याच्या कामावर होतो. जाता जाता वाडीत सांगून गेलो.

"वैनी, पाचच्या आत काठावर या. पाणी सोडणार हायत."

"या उन्हाळ्यात? कशापायी?"

"आमदारांला धबधबा बघायचाय."

वैनी हसून हसून खाली बसली. "आवं भाऊजी, आमच्या हंड्याला पाणी न्हाई आन् त्यांला धबधबा पायजे व्हय? म्हणावं, पावसाळ्यात या, छत्र्या घेऊन!"

दादा म्हणाला, "पाचला लई टाइम हाय. मी टेम्पो घेऊन येतो, तवर तू तोडून ढीग लाव."

एरवी पाणी सोडायच्या आधी ग्रामपंचायतीची रिक्षा भोंगा लावून काठाकाठानं फिरते. त्या दिवशी रिक्षा होती, भोंगाही होता. पण त्याच्यावर तुमचं नाव आणि तुमचं स्वागत चाललं होतं.

दोनलाच तुमचं मटण आटोपलं. तुमचा पीए रविकिरण बंधाऱ्यावरच्या माणसाला फोनवर सांगत होता, "साहेबांचा सहाला नांदेडात सत्कार हाय. पाचपर्यंत कोण थांबतंय? सोड आत्ताच."

माझ्या हातात भाताचं भगुनं होतं. तसाच मी तुमच्यापुढं आलो.

"साहेब, पात्रात माणसं हायत. मी त्यांला पाचची वेळ सांगितलीय."

तुम्ही रविकिरणला विचारलं, "हा कोण?"

"वाढपी हाय, साहेब."

"मग वाढू दे की त्याला."

सगळी पंगत हसली. मी भगुनं खाली टाकलं आणि पळत सुटलो. पळता पळता दादाला फोन लावला. तो इस्लापूरच्या बाजारात. "पळ धम्मा," एवढंच म्हणाला, आणि मग नुसता त्याचा श्वास ऐकू येत राहिला.

वाडीच्या वर, काठावर उभं राहून मी घसा फाटेपर्यंत ओरडलो. भोंग्यानं माझा आवाज खाल्ला. वैनीला मी दिसलो. तिला वाटलं, मी टरबूज मागतोय. तिनं एक चांगलं मोठं उचललं आणि दोन्ही हातांनी मला दाखवलं.

मी खाली उतरेपर्यंत पाणी तिच्या घोट्याला लागलं. मग गुडघ्याला. तिनं काठाकडं पळायला पाहिजे होतं. ती ढीग आडवायला वळली. हात पसरून, पोरांना कवळ्यात घ्यावं तशी टरबुजांवर पडली. मी कमरेइतक्या पाण्यात गेलो, पडलो, बाभळीचं मूळ हाताला लागलं म्हणून वाचलो. ती दिसेनाशी झाली.

पुढचं तुमच्याच पेजवर बघितलं. खडकावरून पाण्याबरोबर टरबुजं पडताहेत, खाली आपटून फुटताहेत. लालच लाल. आमदार शिट्ट्या मारताहेत. तुम्ही माइकवर म्हणता, "बघा, आमची नदीसुद्धा पाहुणचार करते!" मग पाण्यात एक हिरवं लुगडं येतं. तिथं व्हिडिओ कापलाय.

दुसऱ्या दिवशी वैनी धबधब्याखालच्या कुंडात सापडली. पोलीस ठाण्यात जमादारानं कागद वाचून दाखवला. सेल्फी काढताना पाय घसरून पर्यटक महिलेचा मृत्यू.

दादा म्हणाला, "माझ्या बायकोकडं फोनच नव्हता ओ."

"मग दुसऱ्याच्या फोनात काढला आसंल. अंगठा दे. पात्रात शेती करणं गुन्हा हाय, माहीत हाय का? पर्यटक लिवलं म्हणून तू वाचलास."

दादानं अंगठा दिला. तेव्हापासून तो त्या हातानं जेवत नाही.

अधिवेशनात तुम्ही भाषण केलं. बेशिस्त पर्यटकांमुळं अपघात होतात, म्हणून धबधब्याला कठडा पाहिजे, निधी द्या. समोरच्या बाकावरच्यांनीही बाकं वाजवली. निधी मिळाला. रिसॉर्टचा पायाही खोदून झाला.

पारूबाई त्याच नदीच्या काठी जन्मली, त्याच काठच्या घरात नांदली. नांदेडसुद्धा तिनं दोनदाच बघितलं, दोन्ही वेळा दवाखान्यात. तिनं जन्मात कधी काही बघायला म्हणून घर सोडलं नाही. तिला कागदावर पर्यटक कुणी करायला लावलं? जमादार म्हणतो, वरून फोन आला. वर कोण? नाव सांगा, साहेब. सभागृहात जसे उठून उभे राहता तसे उभे राहा, आणि नाव सांगा.