अळंबीचा सत्कार

दिगंबर काळसेकरांनी आयुष्यात दोनच गोष्टी वाढवल्या. एक अमेरिकेतल्या हर्नडनचं मराठी मंडळ आणि दुसरी मुलगी प्रीता. त्यातलं मंडळ अधूनमधून ऐकत असे.

प्रीता मनोविकारतज्ज्ञ. २००७ साली, सरकारच्या रीतसर परवानगीने, कॅन्सरच्या पेशंटांची मरणाची धास्ती कमी व्हावी म्हणून ती भास घडवणाऱ्या, एरवी बंदी असलेल्या अळंबीतल्या औषधाचा प्रयोग करत होती. सोबत मेक्सिकोच्या डोंगरातल्या युफेमियाबाई. त्यांच्या माझातेक लोकांत ही अळंबी माणसाजवळ बसून, गाणं म्हणत देतात. इस्पितळाने गाण्याऐवजी हेडफोन सुचवला. प्रीताने गाणं ठेवून घेतलं आणि हेडफोन परत पाठवला.

दिवाळीच्या कार्यक्रमात मंडळाने तिचा सत्कार ठरवला. परिचय बापाने करून द्यायचा. दिगंबर आरशासमोर सराव करू लागले, तोच सेक्रेटरी गुरुदत्तला अळंबीचा सुगावा लागला. समोर मुलं असतात काका, स्पॉन्सर असतात. नुसतं ब्रेन डॉक्टर म्हणा, अळंबी कॅन्सल करा आणि त्या बाईंनाही, असं त्याने फोनवर गोडीत समजावलं. दिगंबरांना सत्कार हवा होता. फारच हवा होता. ते हो म्हणाले.

प्रीता ऐकून चिडली नाही, तेच वाईट.

“बाबा, शी इज नॉट माय असिस्टंट. अर्धं काम युफेमियामावशींचं आहे. त्यांचं नाव नसेल, तर आम्ही दोघी घरी वरणभात खाऊ.”

दोघी या, एवढंच दिगंबर म्हणाले. पुढचं त्यांनाही ठाऊक नव्हतं.

कार्यक्रमात युफेमियाबाई पहिल्या रांगेत भरतकामाच्या झग्यात ताठ बसल्या होत्या. शेजारच्या पैठणीवाल्या काकू कापड चाचपून पाहत होत्या. दिगंबरांच्या हाती माइक आला.

“माझी मुलगी अळंबी देते,” ते म्हणाले. मागची बटाटेवड्यांची वाटणी थांबली. “या बाईंच्या आज्या-पणज्याही देत आल्या. तपासणी हिची, सोबत त्यांची. दोन्ही मिळून औषध. तेव्हा मान दोघींचा, आणि थोरांचा आधी.”

त्यांनी शाल युफेमियाबाईंच्या खांद्यावर घातली.

“काका,” गुरुदत्त पुटपुटला, “शाल एकच उरली होती.”

प्रमुख पाहुणे अतुलराव, अ‍ॅशबर्नचे डेटा सेंटरवाले, नुकत्याच मिळालेल्या शालीत ऊब घेत होते. दिगंबरांनी ती अदबीने उतरवून घेतली आणि प्रीताला पांघरली. मंडळाच्या शाली एरवीही फिरत्याच असतात.

प्रीता वाकली. आधी युफेमियाबाईंच्या पाया पडली, मग बापाच्या.

दुसरा नंबर आल्यावर दिगंबर काळसेकर इतके फुगलेले मंडळाने कधी पाहिले नव्हते.