पहिली कापणी

गवत कापायचं यंत्र बंद करून फूटपट्टीने मागे वळून पाहिलं. अर्धं मैदान पिवळं दिसत होतं. गवत कापलेलं नव्हतं, चक्क भादरलेलं होतं, पार मुळापर्यंत.

क्लबच्या मैदानाची निगा तोच राखायचा. खेळाडू त्याला फूटपट्टी म्हणत, कारण त्याचं गवत कधी कमीजास्त व्हायचं नाही. हंगाम संपला की पातं खाली घ्यायचं, मैदान खरडून नवं बी टाकायचं. नव्या हंगामाच्या पहिल्या कापणीआधी पातं पुन्हा वर चढवायचं. एवढं तर त्याने झोपेतही केलं असतं. आज मात्र तो आला आणि सरळ यंत्रावर बसला.

नोकरी गेलीच म्हणायची. पण भीती होती ती नोकरीची नव्हे. त्याच्या थोरल्या भावाचं असंच सुरू झालं होतं. आधी नळ उघडा राहायला लागला, मग घराची वाट चुकली, आणि एक दिवस त्याने यालाच विचारलं, "आपण कोण?" तेव्हापासून साधा चष्मा सापडला नाही तरी हा सारं घर पालथं घालायचा.

बायको डबा घेऊन आली आणि मैदान बघून जागीच थांबली.

"अहो, हे काय केलंत?"

"पातं वर घ्यायचं विसरलो."

"नट ढिला झाला म्हणून सांगा. यंत्र काय साक्ष द्यायला येतंय?"

"आणि उद्या तुलाच विसरलो, तर कुठल्या नटावर खापर फोडू?"

एरवी ती हसली असती.

तेवढ्यात क्लबचे चिटणीस आलेच. "काय हो काका, यंत्र बिघडलं की काय?"

नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. "नाही साहेब. मी विसरलो," तो म्हणाला.

चिटणीस ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "गवत येईल हो परत. पण यापुढे यंत्रावर एकटे बसू नका. सोबत कुणीतरी हवं, आणि माझ्याकडे तर माणूस नाही."

"मी येत जाईन," बायको म्हणाली. "घरी तरी यांना एकटं कुठे सोडते मी?"

चिटणीस गेले. तो तिच्याकडे बघतच राहिला. म्हणजे हिला ठाऊक होतं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"आधी जेवून घ्या. अर्धं मैदान राहिलंय अजून."

तो जेवला. मग तिच्यादेखत त्याने पातं वर चढवलं, दोनदा तपासलं आणि यंत्र सुरू केलं. तिने पदर खोचला आणि चपला काढून बाजूला ठेवल्या. एक हात यंत्राच्या दांडीवर ठेवून ती त्याच्या शेजारून चालू लागली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, संध्याकाळ होईपर्यंत.