गालातला तोबरा

माझं दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक फळी, आणि तीही आमच्या बेटावरच्या मदांग शहरात, दातांच्या दवाखान्याच्या अगदी समोर. सुपारी, तिच्याबरोबर चावायच्या तिखट डाक्याच्या शेंगा, शिंपले भाजून केलेला चुना. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, गेरार्दाबाई, रोज सकाळी दार उघडताना माझ्याकडे बघून नाक मुरडायच्या. मी इथून हलणार नाही, असं मीही त्यांना हातवारे करून सांगायचे. वैर वगैरे नव्हतं हं. माणसं आधी माझ्याकडे यायची आणि मग त्यांच्याकडे जायची, एवढंच.

एकदा माझा धाकटा भाऊ साकियास फळीशी उभा राहून चुन्याची काडी तोंडात घालताना कळवळला.

"ताई, चुना फार जहाल झालाय गं तुझा."

"माझ्या चुन्याला नावं ठेवू नकोस. तोंड सांभाळ आपलं."

त्यानं दुसरीकडचा चुना घेऊन पाहिला, मग काडी दुसऱ्या गालाला लावून पाहिली. खाणं तेवढं सोडलं नाही. दुखणं वाढलं, आणि एका संध्याकाळी दारूच्या भरात हा शहाणा बायकोला म्हणाला, "तुझ्या बापानंच माझ्या चुन्यात विष कालवलंय."  लिनेटनं पोरीला काखोटीला मारलं आणि ती माहेरी निघून गेली. आमच्याकडे विषाचा आळ घेणं म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. एवढ्यावरून घरं जळतात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मानगुटीला धरून त्याला रस्ता ओलांडून नेलं.

गेरार्दाबाईंनी आधी चुळा भरायला लावल्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत. लालीखाली काही दिसत नाही म्हणाल्या. मग दिवा धरला, गाल बोटानं बाहेर ओढला, जीभ फडक्यात धरून इकडे तिकडे वळवली, मान चाचपली. जिथं काडी टेकायची तिथं, गालाच्या आत, पांढरा चट्टा होता आणि मधोमध लाल जखम. बाईंनी तुकडा काढून तपासायला पाठवला. निकाल आला तेव्हा त्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"कॅन्सर आहे. पण लहान आहे, कापला की सुटशील. सोमवारी लाएच्या मोठ्या इस्पितळात जायला विमानात बसायचं. आणि सुपारी आजपासून बंद."

"शनिवारी एक खावी लागेल, बाई," साकियास खाली मान घालून म्हणाला. "बायकोला आणायला चाललोय."

मग मीच सगळं सांगितलं. सगळ्या गावासमोर सासऱ्याच्या हातची सुपारी घ्यायची, त्याच्याच तुंब्यातला चुना लावायचा आणि चावायची, तरच आळ मागे घेतला असं होणार. नाही खाल्ली, तर विष आहे असं पुन्हा एकदा तोंडावर म्हटल्यासारखं. मग बायको गेली, लेक गेली, आणि धडपणे घरी परत येऊ याचीही खात्री नाही.

"एक खाल्लीस की सोमवारी तू विमानात नसशील," बाई म्हणाल्या. "मी तुझ्यासारखे खूप पाहिलेत. आज हो म्हणतात, आणि वर्षानं येतात ते बोलता येत नाही म्हणून."

शनिवारी आम्ही समेटाचं डुक्कर घेऊन लिनेटच्या माहेरी गेलो.  

सासरा, कालुविन, चटईवर बसला होता. हडकलेला म्हातारा, डावा गाल कायम तोबऱ्यानं फुगलेला, त्यामुळं बोलणं जाड आणि कमी. शेजारी त्याचा थोरला मुलगा मोसे. त्याचाही उजवा गाल फुगलेला. आमच्याकडं कुणाचा नसतो? लिनेट पोरीला घेऊन बायकांत बसली होती, पण नजर नवऱ्यावरच.

म्हाताऱ्यानं सुपारी पुढं केली. साकियासनं ती घेतली आणि मुठीत धरून बसला. 

"खा की," मोसे म्हणाला. "का अजून विष दिसतंय?"

साकियासनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मार बसायच्या आधी बघायचा तसंच. तिथं बाईनं बोलायचं नसतं, पण माझ्यानं राहवलं नाही.

"त्याला तोंडाचा कॅन्सर झालाय. डॉक्टरीणबाईंनी सुपारी बंद केलीय. विषाचं बोलला तो मूर्खपणा, हवं तर पाया पडेल तुमच्या, पण खायला लावू नका."

"ऐका! परवा विष होतं, आज आमच्या सुपारीनं रोग झाला!" मोसे उठला, त्याच्यामागं त्याचे भाऊ उठले. कुणाच्या तरी हातात कोयता दिसला.

म्हाताऱ्यानं हात वर केला. "आधी जेवा," एवढंच म्हणाला.

पानं वाढली. लिनेटनं बापासमोर नारळाच्या दुधात कुस्करलेले कंद ठेवले. तो बोटानं एकेक घास उजवीकडून आत ढकलत होता आणि डोळे मिटून गिळत होता. डावा गाल मात्र तसाच फुगलेला. तोबरा तोंडात ठेवून कुणी जेवतं का? आधी थुंकतात, चूळ भरतात, मग जेवतात.

"मामा, तोबरा थुंका की आधी!" माझ्या तोंडून गेलं. दोघंतिघं हसले.

म्हातारा थुंकला नाही.

"बाबा," लिनेट हळूच म्हणाली, "थुंका ना."

"काय थुंकू, पोरी? तोंडात काहीच नाही."

भावाच्या सासऱ्याच्या तोंडाकडं मी बघायचंसुद्धा नाही, अशी आमची रीत. तरी मी फोनचा दिवा लावून पुढं सरकले आणि मला कुणी अडवलं नाही. बाईंनी केलं होतं तसा गाल बोटानं ओढला. आधी वास आला. मग ते दिसलं, फुटलेल्या कोबीच्या गड्ड्यासारखं, हिरडीपासून पार घशापर्यंत. साकियासनं माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि मागे वळून ओकला.

"चुना लावला की बधिर होतं," म्हातारा म्हणाला.

"अहो, सांगितलं का नाहीत कुणाला?" मला रडू आलं, रागही आला.

"सांगून काय झालं असतं? या माझ्या पोरांनी विष घालणारा शोधला असता." त्यानं मोसेकडं पाहिलं, मग साकियासकडं. "आणि पहिलं घर जावयाचं जाळलं असतं."

मोसे खाली बसला. म्हाताऱ्यानं साकियासची मूठ उघडली, सुपारी काढून घेतली आणि आपल्या झोळीत टाकली. "लेकीला घेऊन जा. सोमवारचं विमान चुकवू नकोस."

नाही चुकवलं. लिनेटही त्याच्याबरोबर लाएला गेली. आता त्याचं तोंड डावीकडं ओढलेलं आहे, बोललेलं निम्मं आम्हाला कळतं, त्याच्या लेकीला मात्र सगळं कळतं. म्हाताऱ्याला मी गेरार्दाबाईंकडं आणलं होतं. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि दुखणं कमी करायचं औषध देऊन घरी न्या म्हणाल्या. त्यानंतर तो फार टिकला नाही.

तो गेला त्या दिवशी मोसे माझ्या फळीवर आला. डोळे सुजलेले, उजवा गाल नेहमीसारखा फुगलेला.

"ताई, चांगल्या निवडून दे. बाबांच्या हातात ठेवायच्यात."

मी फळीवर हात आडवा धरला. "आधी थुंक."

"काय?"

"तोंड रिकामं कर, मग सुपारी देते."

मागं उभी असलेली गिऱ्हाइकं हसली. मोसे हसला नाही. थुंकलाही नाही. नुसता माझ्याकडं बघत उभा राहिला. थुंका म्हटल्यावर म्हाताऱ्यानं केलं होतं ना, अगदी तसंच.

मी टोपलीवर फडकं टाकलं आणि त्याचा दंड धरला. समोर गेरार्दाबाई कुलूप लावत होत्या. मी रस्त्याच्या अलीकडूनच ओरडले, "बाई, दार लावू नका!"